डॉ. पंजाबराव देशमुख : वकिलीच्या खोलीपासून लोकसभेपर्यंत

अमरावती जिल्ह्यातील पापळ हे गाव आपल्या बहुतेक कुटुंबांना परिचित आहेच. तेथील शामराव देशमुख या शेतकऱ्याच्या घरी २७ डिसेंबर १८९८ रोजी पंजाबरावांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते १९२० साली विलायतेस गेले. त्या खर्चापायी शामरावांना जमीन गहाण टाकावी लागली. वऱ्हाडात गहाण पडलेले शेत परत हाती येणे किती दुष्कर होते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे अध्ययन करून पंजाबराव बॅरिस्टर झाले. वेदवाङ्मयातील धर्माचा उद्गम व विकास या विषयावरील प्रबंधास ऑक्सफर्डने डॉक्टरेट दिली. कुणब्याच्या मुलाने वेदांवर प्रबंध लिहावा, याचे त्या काळी अनेकांना नवल वाटले असेल.

१९२६ साली स्वदेशी परतून त्यांनी अमरावतीस वकिली आरंभिली. पण अशिलांच्या कागदांत त्यांचे मन फार काळ रमले नाही. १९२७ सालच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या चळवळीत ते अस्पृश्य बांधवांच्या बाजूस उभे राहिले. त्याच वर्षी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वधू सोनार समाजातील होती. प्रस्तुत स्मरणिकेत उपवर मुलामुलींची यादी असल्याने ही हकीकत गाळावी, असे आमच्यापैकी काहींचे मत पडले. आम्हांस ते मान्य झाले नाही. ज्यांची तसबीर आपण सभागृहात लावतो, त्यांचे अर्धेच चरित्र मुलांपुढे ठेवणे योग्य नव्हे.

१९२८ साली ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले व सार्वजनिक विहिरी सर्वांस खुल्या करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. १९३० साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलवर निवडून येऊन ते मंत्री झाले. शेतकऱ्यांच्या कर्जाची तडजोड घडविणारा १९३३ चा कर्ज लवाद कायदा ही या कारकीर्दीची मोठी कमाई होय. हा कायदा घडविणाऱ्यास गहाणखत म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. श्री शिवाजी शिक्षण संस्थेची उभारणीही याच काळातील. तिच्या शाळांतून आपल्यापैकी कितीतरी घरांतील पहिला शिकलेला मनुष्य बाहेर पडला.

पुढे घटना समितीत त्यांनी मागासलेल्या वर्गांना सरकारी नोकऱ्यांत वाटा मिळावा म्हणून आग्रह धरला. १९५२, १९५७ व १९६२ अशा तिन्ही निवडणुकांत अमरावती जिल्ह्याने त्यांना लोकसभेत पाठविले. १९५२ पासून दहा वर्षे ते केंद्रात शेतीखात्याचे मंत्री होते. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापिला आणि १९५९ च्या अखेरीस दिल्लीत भरलेल्या जागतिक कृषिप्रदर्शनामागेही त्यांचेच परिश्रम होते.

१० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, १९६७ साली, विमलाबाई राज्यसभेच्या सदस्य झाल्या.