रणजितसिंहांचा तारा

पंजाबचे महाराजा रणजितसिंह यांचा जन्म इ.स. १७८० मध्ये झाला. बालपणीच देवीच्या आजारात त्यांचा डावा डोळा गेला, पितृछत्रही लवकर हरपले. तरीही १७९९ मध्ये त्यांनी लाहोर जिंकले व १८०१ मध्ये महाराजा ही पदवी धारण केली. मात्र नाण्यांवर त्यांनी स्वतःचे नाव घातले नाही. ती गुरूंच्या नावाने पाडली गेली.

१८०५ मध्ये इंग्रजांशी लढणारे यशवंतराव होळकर साहाय्यासाठी अमृतसरला आले, तेव्हा रणजितसिंहांनी त्यांना लष्करी मदत देण्याचे टाळले. इंग्रजांचे बळ ते ओळखून होते. १८०९ मध्ये अमृतसरला इंग्रज वकील मेटकाफ याच्या मुसलमान शिपायांनी मोहरमची मिरवणूक काढली. चिडलेले अकाली त्यांच्यावर चालून गेले. पण मूठभर शिपायांनी शिस्तीच्या जोरावर त्यांना परतवले. हे दृश्य महाराजांच्या मनात ठसले. पुढे त्यांनी आपली फौज कवायती केली आणि १८२२ मध्ये नेपोलियनच्या सैन्यातून आलेल्या आलार व व्हेंतुरा यांना चाकरीस ठेवले.

१८३७ मध्ये नातू नौनिहालसिंह याचा विवाह झाला. त्याच वर्षी महाराजांनी 'कौकब-इ-इक्बाल-इ-पंजाब', म्हणजे पंजाबच्या भाग्याचा तारा, हे मानचिन्ह सुरू केले. सोन्याच्या ताऱ्याच्या मध्यभागी मीनाकारीत खुद्द महाराजांची प्रतिमा होती. स्वतः साधा वेश करणाऱ्या, नाण्यावर नावही न घालणाऱ्या राजाने इथे मात्र आपला चेहरा दिला! प्रकृती ढासळलेली असताना, आपल्या माघारी सरदारांनी एकनिष्ठ राहावे ही चिंता त्यामागे असावी.

ती खरी ठरली. २७ जून १८३९ रोजी महाराज निवर्तले आणि दरबारात रक्तपात सुरू झाला. १८४५-४६ व १८४८-४९ च्या दोन युद्धांनंतर इंग्रजांनी पंजाब खालसा केला. लाहोरच्या तोशाखान्यातील पुष्कळ चीजवस्तू लिलावात गेल्या.

विजेत्यांनीही पदके पाडली. पंजाबच्या पदकावर शस्त्रे खाली ठेवणारे शीख सैनिक कोरलेले आहेत. कडेवर पदक मिळालेल्या सैनिकाचे नाव असते. जुनी पदके जमवणारे रसिक आधी ती कड वाचतात. ही पदके हजारोंनी वाटली गेली. महाराजांचे तारे मात्र मोजकेच उरले असून त्यांतील काही संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत.