विल्हेल्म मायबाख: तुमच्या बाईकच्या कार्ब्युरेटरमागचा माणूस

मायबाख म्हटलं की आपल्याला कोट्यवधींची आलिशान गाडी आठवते. मला मात्र माझ्या जुन्या बाईकचा कार्ब्युरेटर आठवतो. पंपावर आता ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि 'ट्युनिंग बदलावं का?' हा प्रश्न मला मित्र सारखा विचारतात. त्याचं उत्तर या माणसाच्या गोष्टीत आहे.

विल्हेल्मचा जन्म १८४६ चा, जर्मनीतल्या हाइलब्रॉनचा. दहाव्या वर्षापर्यंत आई-वडील दोघंही गेले. रॉयटलिंगेनच्या एका अनाथाश्रमाने त्याला सांभाळलं आणि तिथल्याच कारखान्यात तो ड्रॉइंग शिकला. तिथे गोटलीब डाइमलर भेटला आणि जोडी जमली ती कायमची. १८८५ मध्ये दोघांनी लाकडी सांगाड्यावर पेट्रोल इंजिन बसवलं. जगातल्या पहिल्या मोटरसायकलींमध्ये तिचं नाव घेतात. ताकद जेमतेम अर्धा हॉर्सपॉवर!

त्या काळी पेट्रोलची नुसती वाफ हवेत मिसळायची, त्यामुळे मिश्रणाचा भरवसा नसायचा. १८९३ च्या सुमारास मायबाखने स्प्रे कार्ब्युरेटर आणला. फ्लोट पेट्रोलची पातळी सारखी ठेवतो, इंजिन हवा ओढतं आणि त्या ओढीने बारीक भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो. तुमच्या बाईकचा जेट म्हणजे तेच भोक.

आता मुद्दा नीट बघा. किती इंधन जाणार हे भोकाच्या मापावर ठरतं आणि ते माप पेट्रोलसाठी काढलेलं असतं. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो, कारण त्याच्यात स्वतःचाच ऑक्सिजन असतो. ई२० ला लागते सुमारे १३.५ किलो. भोक तेच राहिलं तर हवा जास्त, इंधन कमी. यालाच मिक्श्चर 'लीन' होणं म्हणतात. मग थंडीत गाडी लवकर सुरू होत नाही, पिकअप अडखळतो, प्लग पांढरा पडतो, इंजिन जास्त तापतं.

इंजेक्शनवाल्या गाड्यांमध्ये ऑक्सिजन सेन्सर असेल तर कंप्युटर इंधन थोडंफार वाढवून घेतो. कार्ब्युरेटरला ती अक्कल नाही, ती आपल्याला द्यावी लागते. आधी प्लगचा रंग बघा. लीन दिसला तर मेकॅनिककडून मिक्श्चर स्क्रू सेट करून घ्या, गरज पडली तर एक नंबर मोठा जेट टाका. जुने रबरी पाइप आणि ओ-रिंगही तपासा, इथेनॉलने ते फुगतात किंवा कडक होतात. इथेनॉल पाणी शोषतं, म्हणून महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवणार असाल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून टाका.

मायबाखचं पुढे काय झालं? १९०० मध्ये डाइमलर वारला. त्याच सुमारास मायबाखने ३५ हॉर्सपॉवरची पहिली मर्सिडीज घडवली आणि गाडीचं रूपच बदललं. तरीही १९०७ मध्ये त्याला ती कंपनी सोडावी लागली. मग मुलगा कार्लच्या साथीने तो झेपेलिन विमाननौकांच्या इंजिनांकडे वळला. १९२९ मध्ये, ८३ व्या वर्षी, तो गेला. अनाथाश्रमातल्या त्या पोराने मापलेलं बारीक भोक आजही लाखो बाईक चालवतं. इंधन बदललंय, तर ते भोक एकदा तपासून घ्या.