मेजर गिल : एका प्रतिकृतिकाराचे आयुष्य

फ्रेंच चित्रकार एदगार देगा (१८३४-१९१७) याने रंगविलेल्या बॅले नर्तिकांनी जगाला वेड लावले. मूळ चित्रे संग्रहालयांत बंदिस्त आहेत. परंतु कॅनव्हासवर हाताने, तैलरंगांत उतरविलेल्या त्यांच्या प्रतिकृती आज कोणालाही विकत घेता येतात व दिवाणखान्यात टांगता येतात. त्या कोणी काढल्या, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. प्रतिकृती करणे म्हणजे दुय्यम काम, ही समजूत आपल्या मनात पक्की आहे. वस्तुतः देगा स्वतःही तरुणपणी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करीत असे. त्याच्यासाठी तो शिक्षणाचा एक टप्पा होता. मात्र ज्याची उमेदीची सारी वर्षे प्रतिकृती करण्यातच गेली, असा एक माणूस महाराष्ट्राच्या मातीत होऊन गेला. त्याचे नाव मेजर रॉबर्ट गिल.

जुन्नर-आंबेगाव परिसरातील वाचकांना लेणी परकी नाहीत. पारगावच्या पंचक्रोशीतला माणूस लेण्याद्रीला एकदा तरी जाऊन आलेला असतो. पण तेथे पाहायचे ते मुख्यतः कोरीव काम. अजिंठ्याचे वैभव रंगांत आहे. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाचा प्रसंग रंगविलेला आहे. त्यात मस्तकावर अलंकार ल्यालेली एक नर्तकी नाचते आहे आणि बासऱ्या, मृदंग वाजविणाऱ्या स्त्रिया तिच्या भोवती आहेत. देहाचा तो बाक, हातांची ती लय! देगाच्या जन्मापूर्वी सुमारे चौदाशे वर्षे कोणा अनाम चित्रकाराने नृत्याचा क्षण असा पकडून ठेवला होता.

इ. स. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली आणि त्यांची वार्ता युरोपात पोहोचली. परंतु प्रसिद्धीबरोबर धोकाही आला. चित्रे माती, भुसा यांच्या गिलाव्यावर काढलेली. पाण्याची ओल, वटवाघळे, धूर यांनी ती झिजत होतीच. त्यात पाहायला येणारे हौशी लोक गिलाव्याचे तुकडे काढून नेऊ लागले. चित्रे नाहीशी होण्यापूर्वी त्यांच्या प्रतिकृती करून घ्याव्यात, असा आग्रह लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने धरला. ईस्ट इंडिया कंपनीने तो मानला आणि १८४४ मध्ये मद्रास फौजेतील कॅप्टन गिल यांची या कामी नेमणूक झाली.

त्या वेळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. गिल अजिंठा गावातील बारादरीत राहू लागले आणि तेथून लेण्यांकडे जाऊन काम करू लागले. आजूबाजूला दाट जंगल. गिल पट्टीचे शिकारी होते आणि वाघांच्या शिकारीबद्दल त्यांचा लौकिक होता. लेण्यांच्या आत मात्र बंदूक कामाची नव्हती. अंधारात, अपुऱ्या उजेडात, धूसर झालेली रेषा शोधायची, ती कॅनव्हासवर उतरवायची, तिच्यात तैलरंग भरायचे. मूळ चित्रकाराला जे एकदा सुचले ते याला शंभरदा न्याहाळावे लागले. जवळजवळ दोन दशके हे काम चालले आणि सुमारे तीस भव्य चित्रे टप्प्याटप्प्याने लंडनला रवाना झाली.

अजिंठ्यातच त्यांच्या आयुष्यात पारू आली. त्यांचे विवाहित कुटुंब होते, हे त्यांच्यावरील प्रेमकथा सांगताना बहुधा वगळले जाते. पारूचे निधन २३ मे १८५६ रोजी झाले. गिल यांनी तिची कबर अजिंठा गावात बांधली आणि तिच्यावर आपले प्रेम कोरून ठेवले. ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे आणि त्यावरून २०१२ मध्ये आलेल्या चित्रपटामुळे मराठी मनाला गिल ठाऊक आहेत ते पारूचे म्हणून. त्यांच्या कुंचल्याची कथा तिच्यामागे झाकली गेली, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

लंडनमध्ये ही चित्रे सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आली. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या वास्तूला आग लागली आणि गिल यांची जवळजवळ सारी चित्रे भस्मसात झाली. तेथे नसलेली चार-पाच तेवढी वाचली. या हानीचे गांभीर्य लक्षात घेतले पाहिजे. गिल यांनी १८४५ नंतर जे पाहिले, ते भिंतीवरही तसेच राहिले नव्हते. मधल्या वर्षांत काही भाग पुसट झाले, काही गळून पडले. त्या भागांपुरती प्रतिकृती हेच मूळ उरले होते, आणि तेही गेले.

गिल तेव्हा साठीच्या पुढे होते. मधल्या काळात ते छायाचित्रणाकडेही वळले होते आणि त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली होती. पण आगीची बातमी आल्यावर त्यांनी पुन्हा कुंचला हाती घेण्याची तयारी दाखविली आणि उतारवयात आणखी काही चित्रे केली. याला जिद्द म्हणावे की सवय? दोन्ही असावे.

१८७२ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास आले. पेस्तनजी बोमनजींसारखे तरुण तेथे राबले. तेरा वर्षांत सुमारे तीनशे चित्रे तयार झाली. दैवदुर्विलास असा की, त्यांतील अनेक १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाली. मात्र या वेळी पुरेशी सामग्री हाती उरली आणि ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघू शकला. गिल यांच्या वाट्याला असा ग्रंथ आला नाही.

ती दुसरी आग पाहण्यास गिल हयात नव्हते. १० एप्रिल १८७९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळात आहे, पारूची अजिंठ्यात. आणि आगीतून वाचलेली ती मोजकी चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात.