रुडॉल्फ डिझेल

पौष महिन्यांतील पहांट. गांवच्या वेशीपाशीं रात्रभर उघड्यावर उभी असलेली एखादी जुनी जीप सुरू करण्याची खटपट चाललेली असते. किल्ली फिरते, इंजिन घरघरतें, मागून पांढरा धूर निघतो आणि पुन्हां सर्व शांत! दोनचार माणसें धक्का देण्यास पुढें होतात. कोणी बॅटरीला दोष देतो, कोणी तेलाला, तर कोणी गाडीच्या वयाला. हीच गाडी दुपारीं एका फिरकीसरशीं सुरू होते. असें कां व्हावें? या प्रश्नाचें उत्तर एका मनुष्याच्या चरित्रांत आहे. त्याचें नांव आपण रोज घेतों. परंतु तें तेलाचें नांव म्हणून घेतों, मनुष्याचें म्हणून नव्हे. त्या रुडॉल्फ डिझेलची हकीकत विद्यार्थी मित्रांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजीं पॅरिस शहरीं झाला. आईबाप मूळचे जर्मनींतील बव्हेरियाचे. बाप थिओडोर हा बुकबांधणीचा व चामड्याच्या वस्तूंचा धंदा करी. घरची स्थिति बेताचीच असल्यामुळें तयार माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोंचविण्याचें काम या मुलाकडे असे. फावल्या वेळीं तो पॅरिसच्या यंत्रसंग्रहालयांत जाऊन बसे. तेथें कुन्यो नांवाच्या फ्रेंच गृहस्थाची अठराव्या शतकांतील वाफेची गाडी ठेवलेली होती. अशीं यंत्रें पाहण्यांत त्याचा जीव रमे.

इ. स. १८७० मध्यें फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध जुंपलें आणि जर्मन कुटुंबांस पॅरिस सोडणें भाग पडलें. डिझेल कुटुंब लंडनला गेलें. तेथें पोट भरण्याची पंचाईत. म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनींतील ऑग्सबुर्ग शहरीं बार्निकेल या नातलगांकडे धाडण्यांत आलें. हे गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. परक्या घरीं राहून मुलानें अभ्यासाची कास धरली, आणि चौदाव्या वर्षींच आपण इंजिनिअर होणार असें आईबापांस पत्रानें कळवून टाकलें. पुढें शाळेंत पहिला क्रमांक मिळवून व शिष्यवृत्ति संपादून तो १८७५ मध्यें म्यूनिकच्या तंत्रविद्यालयांत दाखल झाला. मुलानें लवकर कमावतें व्हावें अशी आईबापांची इच्छा होती. पण त्याचा निश्चय ढळला नाहीं.

म्यूनिक येथें त्यास कार्ल फॉन लिंडे हे गुरु लाभले. कृत्रिम रीतीनें बर्फ तयार करण्याच्या यंत्रांविषयीं लिंडे यांची मोठी ख्याति होती. त्यांच्या व्याख्यानांत एके दिवशीं डिझेलला कळलें कीं, वाफेच्या इंजिनांत कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामीं लागतो, बाकीची सर्व फुकट जाते. बाकीचे विद्यार्थी तें वहींत टिपून घेऊन स्वस्थ बसले असतील. डिझेलच्या मनांत मात्र तें कांट्यासारखें सलत राहिलें. १८७९ मध्यें विषमज्वरानें त्याची परीक्षा हुकली. पण १८८० च्या आरंभीं ती देऊन तो उत्कृष्ट रीतीनें उत्तीर्ण झाला. नंतर दहा वर्षें लिंडे यांच्या बर्फयंत्रांच्या धंद्यांत त्यानें पॅरिस येथें नोकरी केली. १८८३ मध्यें त्याचा विवाह झाला व पुढें त्यास तीन अपत्यें झालीं. नोकरी संभाळून, कांट्यासारखा सलणारा तो प्रश्न सोडविण्याचा उद्योग त्यानें चालूच ठेविला होता.

त्यास सांपडलेली युक्ति समजण्यास सायकलचा पंप पुरे. पंपाचें तोंड बोटानें दाबून दांडा जोरानें खालीं लोटावा. नळी गरम झालेली हातास कळते. हवा दाबली कीं ती तापते. आग्नेय आशियांतील लोक फार पूर्वीपासून बारीक नळींत दट्ट्या झटक्यानें मारून तळाशीं ठेवलेला कापूस पेटवीत, तो याच नियमानें. डिझेलनें विचार केला कीं, इंजिनाच्या नळकांड्यांत नुसती हवा भरून ती इतकी दाबावी, कीं तींत सोडलेलें तेल आपोआप पेट घेईल. मग ठिणगीची जरुरीच राहणार नाहीं, आणि जितका दाब अधिक तितकी उष्णता अधिक कामीं लागेल. १८९३ मध्यें या कल्पनेचें पेटंट त्यास मिळालें व त्याच वर्षीं त्यानें आपल्या सिद्धांतावर पुस्तकही प्रसिद्ध केलें. ऑग्सबुर्ग येथील यंत्रांचा कारखाना व क्रुप ही प्रसिद्ध पेढी यांनीं प्रयोगांचा खर्च उचलला.

परंतु कागदावरचें इंजिन निराळें आणि लोखंडाचें निराळें! १० ऑगस्ट १८९३ रोजीं पहिला प्रयोग झाला. एक प्रचंड स्फोट होऊन दाब मोजण्याचें उपकरण फुटलें व त्याचे तुकडे उडाले. इंजिन स्वतःच्या बळावर फिरलें नाहींच; पण दाबलेल्या हवेंत तेल पेटतें एवढें सिद्ध झालें. मग एकेक दोष शोधण्यास आरंभ झाला. दट्ट्याच्या कडेनें हवा निसटत असल्यामुळें हवा तसा दाब चढत नव्हता. तेलाचे बारीक तुषार होत नव्हते. शेवटीं दाबलेल्या हवेच्या झोताबरोबर तें आंत फेंकण्याची योजना करावी लागली. एक दोष काढावा तों दुसरा उभा राही.

१७ फेब्रुवारी १८९४ हा दिवस उजाडला. इंजिन नेहमींप्रमाणें कारखान्याच्या पट्ट्यानें फिरविलें जात होतें. वर उभ्या असलेल्या लिंडर नांवाच्या कारागिराच्या ध्यानांत आलें कीं, पट्टा आतां इंजिनास ओढीत नसून इंजिनच पट्ट्यास ओढीत आहे. कांहीं न बोलतां त्यानें डोक्यावरची टोपी काढली. त्या मुक्या नमस्कारावरून काय झालें तें डिझेल समजला. इंजिन स्वतःच्या बळावर अवघें एक मिनिट चाललें होतें! त्यापुढें आणखी तीन वर्षें मेहनत झाली, आणि १८९७ च्या फेब्रुवारींत प्रोफेसर श्र्यूटर यांनीं सुमारें २० अश्वशक्तीच्या नव्या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. उष्णतेपैकीं २६ टक्क्यांहून अधिक भाग कामीं लागत असल्याचें आढळून आलें. तें इंजिन म्यूनिकच्या संग्रहालयांत जतन केलेलें आहे.

आतां आरंभींच्या जीपकडे वळूं. तिच्या इंजिनांतही ठिणगी नाहीं. सर्व भिस्त दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. जुन्या गाड्यांत हवा मूळ आकारमानाच्या सुमारें विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाऊन तिचें उष्णतामान पांचशें अंश सेंटिग्रेडच्या वर जातें. पण रात्रभर गारठलेलें लोखंड ती उष्णता शोषून घेतें. दुपारीं तेंच लोखंड ऊन असतें. म्हणून सकाळच्या बिघाडाचा शोध घेणाऱ्यानें एकच प्रश्न विचारावा: उष्णता कोठें हरवते? आणि स्वस्त गोष्टीपासून महाग गोष्टीकडे पायरीपायरीनें जावें.

पहिली पायरी फिरकीची. बॅटरी अशक्त असली, तिचीं टोकें गंजलेलीं असलीं किंवा इंजिनांतलें ऑइल फार घट्ट असलें, तर इंजिन मंद फिरतें व उष्णतेस निसटून जाण्यास अवकाश मिळतो. दुसरी पायरी हीटर प्लगांची. ज्या इंजिनांस हे प्लग असतात, त्यांत ते आरंभींची ऊब पुरवितात. प्रत्येक प्लगची तार सोडवून, बॅटरीच्या धन टोंकाकडून लहान दिव्यामार्फत त्याच्या टोंकास वीज द्यावी. दिवा लागला नाहीं तर तो प्लग जळालेला समजावा. प्लग चांगले असूनही ऊब येत नसेल, तर त्यांच्यापर्यंत वीज पोंचते कीं नाहीं तें पाहावें. तिसरी पायरी धुराची. इंजिन फिरवूनही धूर मुळींच येत नसेल, तर डिझेल पोंचत नाहीं. फिल्टर तुंबला असेल किंवा नळींत हवा शिरून रात्रींत डिझेल टाकीकडे परत उतरलें असेल. हातपंपानें हवा काढून पाहावी. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोंचतें पण पेटत नाहीं. ऊब कमी आहे, नोझल गळतें आहे किंवा पंपाची वेळ मागें पडली आहे. शेवटची पायरी दाबाची. दाब मोजून तो कमी भरला, तर नळकांड्यांत थोडें इंजिन ऑइल सोडून पुन्हां मोजावा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहींत. हें काम जाणत्या मिस्त्रीचें आहे. कित्येक जण उतावीळपणानें हवेच्या वाटेंत ईथरचा फवारा मारतात. हीटर तापलेल्या इंजिनांत त्यानें स्फोट होण्याचें भय असतें.

वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, निसटणारा दाब व नीट न फवारलें जाणारें तेल हेच ते शत्रु, ज्यांच्याशीं डिझेल ऑग्सबुर्ग येथें साडेतीन वर्षें झगडला. पहांटे कंदील धरून इंजिनावर वांकलेला मिस्त्री नकळत त्याचाच पाठ गिरवीत असतो.

डिझेलला कीर्ति मिळाली, पैसाही विपुल मिळाला. अमेरिकेंतील हक्कच दहा लक्ष मार्कांस विकले गेले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत त्याच्या इंजिनाचा श्रेष्ठ पारितोषिकानें गौरव झाला. तेथें एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावरही चालवून दाखविण्यांत आलें. १९१२ मध्यें सेलांडिया हें मोठें जहाज डिझेल इंजिनांच्या जोरावर महासागर ओलांडून गेलें. पण वैभवाची दुसरी बाजू काळी होती. पहिलीं इंजिनें गिऱ्हाइकांकडे वारंवार बंद पडत, पेटंटाविषयीं कज्जे चालले, प्रकृति ढांसळली, आणि जमिनीच्या व्यवहारांत त्याची पुंजी बुडाली. कर्ज वाढत गेलें, तरी बाहेरचा थाट त्यानें तसाच ठेविला व खरी स्थिति घरच्यांपासूनही झांकून ठेविली. २९ सप्टेंबर १९१३ रोजीं तो अँटवर्प येथून ड्रेस्डेन बोटीनें इंग्लंडला जाण्यास निघाला. रात्रीं सोबत्यांबरोबर जेवण करून तो आपल्या खोलीकडे गेला. सकाळीं तो बोटीवर नव्हता. पुढें कांहीं दिवसांनीं एका डच बोटीस त्याचें प्रेत समुद्रांत आढळलें, व खिशांतील वस्तूंवरून मुलानें ओळख पटविली. अपघात कीं आत्मघात, याचा निकाल कधींच लागला नाहीं. पण कर्जाचा भार पाहतां पुष्कळ चरित्रकारांचा कल दुसऱ्या तर्काकडे आहे.

त्याचें इंजिन मोटारगाड्यांत सर्रास बसलेलें त्यास पाहावयास मिळालें नाहीं. तसे ट्रक जर्मनींत १९२४ च्या सुमारास निघाले, आणि १९२७ पासून बॉशचे पंप मिळूं लागल्यावर त्यांचा प्रसार झपाट्यानें झाला. १९४६ मध्यें पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला, आणि आपल्या विहिरींवरही डिझेलच्या कल्पनेचा ठोका ऐकूं येऊं लागला. त्या इंजिनांच्या धुराचे दुष्परिणामही पुढें जगास कळून आले. तथापि त्यानें वाहून नेलेला भार कोणासही नाकारतां यावयाचा नाहीं.

मित्रहो, या चरित्रापासून दोन बोध घेण्यासारखे आहेत. बिघाड झाला असतां त्रागा न करितां कारण शोधावें, एका वेळीं एकच. हें डिझेलनें करून दाखविलें. दुसरा बोध त्याच्या चुकीपासून घ्यावयाचा. इंजिनाचा प्रत्येक दोष त्यानें सोबत्यांपुढें उघडा केला, म्हणून तो दूर झाला. स्वतःच्या संसाराचा दोष मात्र त्यानें एकट्यानेंच उरांत बाळगला. अडचण मोठी असो कीं लहान, ती आईबापांस, गुरुजनांस किंवा एखाद्या जिवलगास वेळींच सांगावी. गारठलेली गाडी सुरू करावयाची तर चार जणांचे हात लागतात. मनुष्याचेंही तसेंच आहे.