यंत्राला माणसाची भाषा शिकविणारी विदुषी

व्यापारी कंपन्यांचे आणि कारखान्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या मध्यम आकाराच्या संगणकांवर, उदाहरणार्थ आयबीएमने १९८८ मध्ये आणलेल्या एएस/४०० या यंत्रावर, ज्याने कोबोल भाषेतील आज्ञावली चालविली असेल, त्याला एक अनुभव हमखास आलेला असतो. एखाद्या वाक्याअखेरचा पूर्णविराम राहून जातो आणि त्या आज्ञांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर चुकांची लांबलचक यादी पुढे ठेवतो. प्रत्येक चुकीला क्रमांक असतो, ओळीचा निर्देश असतो, गांभीर्याचा दर्जाही असतो. नवशिका ती यादी पाहून गांगरतो. मुरलेला माणूस पहिली गंभीर चूक तेवढी दुरुस्त करतो आणि मग पुढच्या बहुतेक चुका आपोआप नाहीशा होतात. माणसाची चूक यंत्राने माणसाला कळेल अशा भाषेत दाखवावी, ही अपेक्षा आज स्वाभाविक वाटते. ती तशी वाटू लागली याचे श्रेय ज्या मोजक्या व्यक्तींना जाते, त्यांत ग्रेस हॉपर यांचे स्थान फार वरचे आहे.

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचा जन्म झाला. आतील रचना समजावी म्हणून लहानपणी त्यांनी घरातील गजराची घड्याळे एकामागून एक उघडून ठेवली होती, असे सांगतात. व्हॅसर महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर १९३४ मध्ये येल विद्यापीठाने त्यांना गणितातील डॉक्टरेट दिली. व्हॅसरमध्येच त्या अध्यापन करीत होत्या. दुसरे महायुद्ध आले नसते, तर त्यांचे सारे आयुष्य कदाचित तेथेच गेले असते. १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. वजन नियमापेक्षा कमी भरल्याने त्यासाठी खास सवलत मिळवावी लागली. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड येथे हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली, मार्क-१ या सुमारे ५१ फूट लांबीच्या गणकयंत्रावर झाली.

हार्वर्डच्याच मार्क-२ या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग अडकलेला सापडला व तो नोंदवहीत चिकटविण्यात आला. संगणकातील दोषाला ‘बग’ म्हणण्याची प्रथा हॉपरबाईंनी तेव्हा पाडली, ही आख्यायिका मात्र टिकणारी नाही. अभियंत्यांच्या बोलीत तो शब्द एकोणिसाव्या शतकापासून रूढ होता आणि पतंग शोधणाऱ्याही त्या नव्हत्या. ती गोष्ट त्यांनी आपल्या व्याख्यानांतून रंगवून सांगितली, एवढेच.

त्यांची खरी दृष्टी वेगळ्याच दोषांवर पडली. तपासून घेतलेले आज्ञांचे तुकडे सहकारी एकमेकांच्या वह्यांतून उतरवून घेत. उतरवताना अक्षराचा अंक होई, बेरजेत चूक राही आणि एका चुकीपायी दिवसचे दिवस जात. नक्कल आणि बेरीज या कामांत माणूस कच्चा व यंत्र पक्के, तर ती यंत्राकडेच का सोपवू नयेत? १९४९ मध्ये एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्यावर, १९५२ पर्यंत त्यांनी ए-० हा कंपायलर सिद्ध केला. आजच्या व्याख्येने तो पूर्ण अर्थाने कंपायलर ठरत नाही, तयार तुकडे जोडून देणारा साहाय्यक ठरतो. परंतु यंत्रच आज्ञावली रचू शकते, यावर विश्वास ठेवायलाही तेव्हा फारसे कोणी तयार नव्हते.

पुढे फ्लो-मॅटिक या भाषेत त्यांनी साध्या इंग्रजी शब्दांतून आज्ञा देण्याची सोय केली. तिचा मोठा ठसा १९५९-६० मध्ये आकाराला आलेल्या कोबोलवर उमटला. कोबोल रचली ती समितीने. बाई सल्लागार होत्या, तेव्हा त्यांना एकटीला तिची जननी म्हणणे इतरांवर अन्यायाचे होईल. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली जवळजवळ जशीच्या तशी दोन भिन्न कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखविण्यात आली. ग्राहक एकाच उत्पादकाच्या दावणीला बांधला जाऊ नये, हा त्याचा अर्थ होता.

तथापि प्रत्येक कंपनीचा कंपायलर आपापली पोटभाषा बोलू लागला. खुद्द कंपायलरच चुकत असेल, तर आज्ञावली लिहिणारा बिचारा आपल्याच ओळींत नसलेला दोष शोधत बसतो. १९६६ अखेर निवृत्त झालेल्या हॉपरबाईंना नौदलाने १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावले आणि ते सहा महिने जवळजवळ एकोणीस वर्षे लांबले! या काळात त्यांच्या गटाने कोबोलचे कंपायलर प्रमाणभाषेला धरून आहेत की नाहीत, हे पारखणाऱ्या चाचण्या तयार केल्या. पतंगाच्या गोष्टीपुढे हे काम नीरस वाटेल, परंतु परीक्षकाचीच परीक्षा घेणारे हे काम अधिक मोलाचे होते.

इंग्रजी शब्द आले म्हणून विचारातील चूक टळत नाही, हा कोबोलच्या टीकाकारांचा आक्षेप खराच आहे. जागा वाचविण्यासाठी वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याच्या प्रघातावर कोणत्याही कंपायलरने बोट ठेवले नाही. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक नव्हतीच. २००० साल उजाडण्यापूर्वी तो दोष निस्तरण्याचे काम जगभर चालले आणि त्यात मुंबई-पुण्याच्या असंख्य तरुणांचेही दिवस-रात्र खर्ची पडले. ते करू शकले, याचे एक कारण असे की, दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच पिढीने लिहिलेल्या त्या आज्ञा वाचून समजत होत्या.

१९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल होऊन त्या नौदलातून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कचेरीतील घड्याळाचे काटे उलटे फिरत. पूर्वापार असेच चालत आले आहे, हे कारण त्यांना कधीच मान्य नव्हते. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून त्याची चूक त्याला लवकर आणि त्याला समजेल अशी दाखवावी, हीच त्यांची शिकवण होती. अर्जात काय चुकले हे न सांगता तो परत करणाऱ्या कचेऱ्यांनीही ती मनावर घ्यायला हरकत नाही.