संगीताचार्य विष्णू दिगंबर पलुसकर : घराणे व बालपण

रविवारच्या मिस्साबलिदानात पेटी-तबल्याच्या साथीने आपण भक्तिगीते गातो. गाणे शिकणे व शिकविणे यांत आज कोणालाही कमीपणा वाटत नाही. परंतु गायकाला समाजात मान नव्हता, असाही एक काळ होता. तो मान मिळवून देणाऱ्या एका थोर पुरुषाची जडणघडण सांगली परिसरात झाली. त्यांच्या बालपणाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

पलुसकरांचे मूळ आडनाव गाडगीळ. सांगलीजवळील पलूस या गावावरून त्यांना पलुसकर हे नाव पडले. विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरबुवा हे कीर्तनकार होते. त्यामुळे ईश्वराचे गुणगान बाळाच्या कानांवर पाळण्यातच पडले.

विष्णू शाळेत जाऊ लागला. पण लवकरच घरावर मोठे संकट कोसळले. जवळच्या नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू उडत असताना एक फटाका त्याच्या चेहऱ्याजवळ फुटला व डोळ्यांना गंभीर इजा झाली. गावात उपचारांची सोय नव्हती, म्हणून त्याला मिरजेस नेण्यात आले. उपचार झाले, तरी दृष्टी अधू झाली ती कायमचीच. पुस्तकी शिक्षणाचे दार बंद झाले. आता या मुलाचे पुढे कसे होणार, या चिंतेने आईवडील व्याकूळ झाले असतील, यात नवल नाही.

अशा वेळी डॉ. भडभडे यांनी मुलाला गायन शिकवावे, असे सुचविले. मिरजेच्या संस्थानिकांनी आश्रय दिला आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गुरू म्हणून लाभले. गुरूची सेवा व अखंड रियाज यांत सुमारे बारा वर्षे गेली.

मिरजेतीलच एक प्रसंग त्यांच्या चरित्रात सांगितला जातो. एका समारंभाचे निमंत्रण राजाश्रयामुळे विष्णूला आले. त्याच्या गुरूंना मात्र ते नव्हते, कारण ते गवई होते. हा अपमान शिष्याच्या जिव्हारी लागला. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली व औंध, सातारा या मार्गाने ते देशाटनास निघाले. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाच्या दरबारात वा गुरूच्या घरी मिळणारी विद्या तेथे सामान्यांच्या मुलामुलींसाठी खुली झाली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेतच त्यांचे निधन झाले.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांधाची कथा आपण जाणतो. त्याच्या अंधत्वात लोक पाप शोधीत होते. प्रभू येशूने मात्र तेथे देवाचे कार्य प्रकट होणार असल्याचे दाखविले. पलुसकरांना दृष्टी परत मिळाली नाही, पण त्यांच्या जीवनाने हजारोंना सूर दिले. आपल्या घरात, धर्मग्रामात एखादे अपंग बालक असेल, तर त्याची कीव करण्याऐवजी देवाने त्याला कोणते दान दिले आहे, याचा आपण शोध घेऊ या.