रुडॉल्फ डिझेल : लहान कारागिरासाठी इंजिन

नाशिकजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग घडविणारे अनेक लघुउद्योग आहेत. शेजारच्या सातपूरमध्ये बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनाची नोझल व इंजेक्टर बनतात. ज्यांच्या नावाने हे इंजिन ओळखले जाते, त्या रुडॉल्फ डिझेल यांना अशाच लहान कारखानदारांच्या हाती स्वस्त शक्ती द्यायची होती.

त्यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये एका जर्मन कारागिराच्या घरी झाला. १८७० च्या युद्धामुळे कुटुंबाला लंडन गाठावे लागले आणि रुडॉल्फ शिक्षणासाठी आउग्सबुर्गला गेले. पुढे म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे यांच्याकडे शिकताना, वाफेचे इंजिन इंधनातील बहुतांश उष्णता वाया घालवते, हे त्यांच्या मनावर ठसले.

वाफेच्या इंजिनाची शक्ती वाफेच्या वाटेवरील झडपेने कमी-अधिक होते. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल हवेची वाट अरुंद करतो व त्या प्रमाणात पेट्रोलही घटते. मात्र अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यात काही शक्ती खर्ची पडते. डिझेल यांनी हवा मोकळी ठेवली. दाबाने तापलेल्या हवेत इंधन ठिणगीविना पेटते आणि शक्ती ठरते ती इंधनाच्या मात्रेवर.

१८९३ च्या पहिल्या चाचणीत स्फोट झाला, त्यातून ते थोडक्यात बचावले. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी मात्र सुमारे २० अश्वशक्तीच्या इंजिनाने २६.२ टक्के कार्यक्षमता सिद्ध केली. तरीही इंधन फवारण्यासाठी अवजड कॉम्प्रेसर लागे. त्यामुळे हे इंजिन मोठे कारखाने आणि जहाजांपुरतेच राहिले; लहान कारागिराला ते परवडले नाही.

पेटंटचे वाद, ढासळलेली प्रकृती आणि कर्ज यांनी डिझेल खचले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ जहाजावरून ते नाहीसे झाले. पुढे समुद्रात त्यांचा मृतदेह सापडला. मृत्यूचे कारण कधीच निश्चित झाले नाही.

रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये इंधनाची नेमकी मात्रा मोजून देणाऱ्या पंपाचे उत्पादन सुरू केले. कॉम्प्रेसरची गरज संपली, इंजिन लहान झाले आणि मालमोटारीत बसले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या इंजिनांनी महाराष्ट्रातील विहिरींचे पाणी शेतात पोहोचविले. डिझेल यांना अभिप्रेत असलेला लहान माणूस त्यांच्या इंजिनापर्यंत पोहोचला, तो त्यांच्या पश्चात.